पालम बंद, पिंगळी चालू

परभणी, ९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि आईला त्रिवेणीचा शरणार्थ,

फोन केला की तुमी "हां हां" म्हणताय आणि भलतंच उत्तर देताय. मागच्या बारीला मी विचारलं गुडघा कसा हाय, तुमी म्हणलात तूर बरी हाय. तीस वर्षं स्टँडवर गाड्यांच्या भोंग्यात उभं राहिल्यावर कानाचं असंच होणार. कानात मशीन घालायला तुमी तयार होईपर्यंत मी आपली चिठ्ठीच लिहिणार. चंद्रभानमामा सकाळच्या पालम गाडीवर कंडक्टर असतेत, त्यांच्या हाती देते. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

बातमी अशी हाय. इथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं वायफायचं काम आमच्या कंपनीला मिळालंय आणि रंगनाथ सरांनी ते माझ्यावर टाकलंय. जुनी इमारत आणि नवी इमारत धरून एकशे चौऱ्याऐंशी पॉइंट, म्हणजे छताला चिकटवलेले पांढरे डबे. इथं डॉक्टर, सिस्टर सगळे हातातल्या टॅबवरच औषधं लिहितेत, रिपोर्टही त्यावरच येतेत, म्हणून हे काम बंद पडून चालत न्हाई. एवढ्या डब्यांवर नजर ठेवायला कंट्रोलर लागतो. मी दोन ठरवलेत. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं.

काम संपलं की ट्रस्टच्या लोकांसमोर परीक्षा हाय. ती पार पडली तर ताबा देण्याच्या कागदावर जबाबदार इंजिनियर म्हणून माझं नाव लागणार. न्हाईतर पुण्याहून मोठा माणूस येणार आणि त्याचं लागणार. सात वर्षं झाली, मी केलेल्या कामाखाली दुसऱ्याचीच सही असती. या बारीला माझी पाहिजे, आप्पा. कुणाला सांगू नका एवढ्यात.

तुमची
त्रिवेणी


पालम, ११ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव त्रिवेणीला आप्पाचा आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. तू कुणाला सांगू नका म्हणलीस ते शेवटच्या ओळीत लिहिलंस, तोवर मी स्टँडवर अर्धी चिठ्ठी मोठ्यानं वाचून बसलतो. त्यात माझा काई दोष न्हाई.

पोरी, मी उभ्या नोकरीत माझ्या पाळीला एकटाच कंट्रोलर असायचो, पालमच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीमागं एक खुर्ची आणि एक टेबल. आणि माझी लेक दोन दोन कंट्रोलर नेमायलीय. मी सगळ्यांना पेढे दिले. चहावाल्यानं विचारलं, त्यांचा पगार कोण देणार, मी म्हणलो कंपनी देईल. तुझी आई म्हणायलीय की त्यांची जेवणाची सोय बघ, परभणीत खानावळीचं अन्न बादतं.

आता बापाचा सल्ला ऐक. पहिली गोष्ट, दोघं एकाच गावचे घेऊ नको. दुसऱ्या पाळीचा माझा जोडीदार माझ्याच गावचा होता. कपिलधारची यात्रा आली की दोघांनाही जायचं असायचं. एका वर्षी दोघंही रजेवर गेलो आणि स्टँड शिपायाच्या हवाली. दुसरी गोष्ट, दोघांना एका खोलीत बसवू नको. एका खोलीत बसणाऱ्यांना एकदमच भूक लागती, दोघंही डबा खायला उठतेत आणि खिडकी उघडी पडती. तिसरी, दुसऱ्याला नुस्ता नावाला ठेवू नको. रोज थोडं काम दे. बसून बसून माणूस काम विसरतो आणि नेमका गरजेच्या दिवशी चाचपडतो.

त्यांची नावं कळव. कोणत्या गावचे हायेत तेही कळव.

आप्पा


परभणी, १४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आप्पास,

तुमची चिठ्ठी मी ऑफिसात वाचली आणि एवढी हसले की धम्मानंद, माझ्या जोडीला काम करणारा पोरगा, पाणी घेऊन आला. आप्पा, कंट्रोलर माणूस न्हाई हो. ती पेटी हाय. आपल्या घरच्या टीव्हीखालच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. सगळ्या पांढऱ्या डब्यांना तीच सांगती की तू या आवाजात बोल, तू त्या वाटेनं जा. तुमी गाड्यांना सांगत होता तसंच, म्हणून तिचंही नाव कंट्रोलरच. पेढे परत मागू नका आता.

पण हसून झाल्यावर मी परत वाचली आणि नकाशा काढला. दोन्ही पेट्या मी जुन्या इमारतीतल्या एकाच खोलीत लावणार होते. एकाच लाइनीवर. म्हणजे लाइट गेली आणि बॅटरीनं दगा दिला तर दोघींना एकदमच भूक लागणार. मी त्याच दिवशी नकाशा बदलला. दुसरी पेटी आता नव्या इमारतीत जाईल, तिची लाइन वेगळी, बॅटरी वेगळी. आणि अर्धे डबे एकीकडं, अर्धे दुसरीकडं, ब्याण्णव-ब्याण्णव, म्हणजे दुसरी नुस्ती बसून राहणार न्हाई. रंगनाथ सरांनी विचारलं कसं सुचलं. मी म्हणलं, घरी अनुभवी माणूस हाय.

एका ठिकाणी मात्र अडकलेय. ट्रस्टचे सेक्रेटरी अनंतराव, हे निवृत्त हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, शंभर डबे पेलणाऱ्या दोन पेट्या घ्या, दोनशे होतेत, आपल्याला लागतेत एकशे चौऱ्याऐंशी, मग अडचण काय? मी म्हणते प्रत्येक पेटी दोनशेची पाहिजे. त्यांना वाटायलंय मी उगं मोठं मागायलेय. मी समजावत होते, पण सगळे इंग्रजी शब्द यायले आणि त्यांचे डोळे मिटायले. शनिवारी परत बैठक हाय. तिथं हरले तर परीक्षेत नापास होणारच, हे मला आत्ताच दिसायलंय.

त्रिवेणी


पालम, १७ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव त्रिवेणीला आशीर्वाद.

पेटीला कंट्रोलर म्हणतेत हे वाचून मला दोन घास कमी गेले. एका पेटीला माझं पद दिलं. उद्या कुकरला डेपो मॅनेजर म्हणतील. स्टँडवर मी अजून काई सांगितलं न्हाई, त्यांचा समज हाय तसा राहू दे. पेढे खाल्लेत त्यांनी.

आता तुझ्या हेडमास्तरचं. त्यांना हे सांग. एका उन्हाळ्यात शेजारचा स्टँड डांबर टाकायला चार दिवस बंद ठेवला. हुकूम आला, त्यांच्या गाड्या पालमला वळवा. आपल्या स्टँडला फलाट सहा. माझ्या साहेबांनी कागदावर बेरीज केली, त्यांचे सहा, आपले सहा, फलाट बारा, गाड्या अकरा, झालं की. मी म्हणलो, साहेब, ज्या दिवशी तो स्टँड बंद हाय त्या दिवशी त्यांचे सहा फलाट मोजायचे कसे? साहेब म्हणले, मन्मथअप्पा, डोकं खाऊ नका.

पहिल्या दिवशी पाच गाड्या रस्त्यावर उभ्या. एका गाडीत बाळंतपणाला निघालेली बाई होती, उन्हात पाऊण तास. तिला मी स्वतः रिक्षात बसवलं. सुखरूप झाली, मुलगी झाली, पण तो पाऊण तास मी अजून विसरलो न्हाई. दुसऱ्या दिवशी बाजार मैदान मागून घेतलं, चुन्यानं रेघा मारल्या आणि अकरा गाड्यांची जागा केली.

म्हणून सांगतो, जागा मोजायची ती दोन्ही चालू असतानाची न्हाई. एक बंद पडलेल्या दिवशीची मोजायची. हे इंग्रजीत सांगायची काई गरज न्हाई.

दिवाळीला ये. आई करंज्या करायलीय.

आप्पा


परभणी, ६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि आईला शरणार्थ.

दिवाळीत दोन दिवस नुस्त्या खाण्यात आणि झोपण्यात गेले, बैठकीचं नीट सांगायचंच राहिलं. सांगते. मी अनंतरावांना तुमचे सहा फलाट सांगितले. एकही इंग्रजी शब्द न्हाई. बाळंतपणाला निघालेल्या बाईपर्यंत आले आणि ते म्हणले, थांबा. मग कागद पुढं ओढून स्वतः लिहिलं, "प्रत्येकी दोनशे", आणि खाली सही केली. वर मला म्हणले, तुमचे वडील शिक्षक व्हायला पाहिजे होते. मी म्हणलं, ते कंट्रोलर होते. आप्पा, त्या दिवशी मी दवाखान्यातून रुबाबात बाहेर पडले.

दोन्ही पेट्या आल्या, बसल्या. त्यांना नाव द्यावं लागतं. जुन्या इमारतीतलीचं नाव ठेवलं पालम, नव्यातलीचं पिंगळी. एक तुमचं गाव, एक आईचं माहेर. प्रत्येक डब्यात दोन नावं लिहून ठेवलीत, पहिली कोण आणि ती न्हाई सापडली तर दुसरी कोण. पहिलीनं उत्तर दिलं न्हाई की डबा दुसरीला नावानं हाक मारतो. खालच्या मजल्यांची नावं धम्मानंदनं भरली, सगळ्यात वरच्या मजल्याची मी.

परीक्षा २८ तारखेला, सकाळी अकराला. अनंतराव म्हणले, दवाखाना चालू असतानाच घ्यायची, रिकाम्या दवाखान्यात सगळंच चालतं. त्याआधी मी १६ तारखेला, रविवारी, घरच्या घरी तालीम घेणार हाय. सगळ्या डब्यांची यादी सोबत जोडलीय. तुमाला त्याचा उपयोग काई न्हाई, पण पालम आणि पिंगळी असं एकशे चौऱ्याऐंशी वेळा छापलेलं आईला दाखवा.

त्रिवेणी


परभणी, १७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पास,

तालीम झाली. बरी झाली. थोडं काम राहिलंय ते करायलेय. तब्येत सांभाळा. आईला सांगा जेवण वेळेवर करायलेय.

त्रिवेणी


पालम, १९ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव त्रिवेणीला आशीर्वाद.

चार ओळींची चिठ्ठी. तू "जेवण वेळेवर करायलेय" असं आपणहून लिहितीस तेव्हा तू जेवत नसतीस. दहावीच्या गणिताच्या पेपरानंतरही तू "बरा गेला" एवढंच म्हणलीस आणि दोन दिवस उशीत तोंड घालून पडलीस. काय झालं ते मी विचारत न्हाई. मला दिसलेलं तेवढं सांगतो.

तुझी यादी आली तशी मी आईला दाखवली. ती म्हणली, माझं माहेर दुसऱ्या नंबरावर का? मी म्हणलो, अर्ध्या ठिकाणी पहिल्या नंबरावर हाय, हे बघ. ते दाखवायला यादी वाचायला बसलो. ड्यूटी लिस्ट वाचायची माझी पद्धत तुला ठाऊक हाय. लाकडी पट्टी ओळीखाली ठेवायची आणि एक एक ओळ खाली सरकायची. नुस्त्या नजरेनं वाचलं की डोळा आपल्याला पाहिजे तेच वाचतो.

तू पिंगळी इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलंयस. खालच्या मजल्यांना जी या अक्षरानंतर ए हाय, मग एल. सगळ्यात वरच्या मजल्याला तो ए न्हाई, जीला लागून लगेच एल. आपल्याला वाचताना दोन्ही पिंगळीच. मराठीत एकच गाव, इंग्रजीत दोन झाले. आमच्याकडं पार्सलच्या चिठ्ठ्यांवर हा घोळ व्हायचा, ए नसलेलं पिंगळी वेगळ्या गठ्ठ्यात पडायचं आणि पार्सल तिथंच दोन दिवस. माणसाला कळतं की गाव एकच. पण तू म्हणलीस पेटी माणूस न्हाई. तुझा डबा नावानं हाक मारतो म्हणलीस, म्हणून कळवतो.

ए नसलेल्या ओळी मी मोजल्या. एकतीस भरल्या. आईनं परत मोजल्या, एकतीसच.

ही काई चूक नसली तर म्हाताऱ्याचा रिकामा उद्योग समजून सोडून दे.

आप्पा


परभणी, २१ नोव्हेंबर २०२५

आप्पा,

एकतीस. तुमच्या चिठ्ठीत हा आकडा वाचून मी जिन्यावरूनच माघारी पळाले, यादी काढायला.

आता खरं सांगते. रविवारी पालम बंद केली. ब्याण्णव डब्यांनी पिंगळीकडं जायला पाहिजे होतं. एकसष्ट गेले. एकतीस हाक मारत राहिले, त्यांना कुणीच ओ दिली न्हाई. तो वरचा मजला अजून रिकामा हाय म्हणून कुणाचं बिघडलं न्हाई, पण २८ला तेच झालं असतं तर माझं नाव तिथंच संपलं असतं. पिंगळीच कमी पडायलीय असं समजून मी पेटीच्या कंपनीला तीन कडक पत्रं लिहिली. रंगनाथ सर पुण्याला फोन करायच्या बेतात होते. चार दिवस मी यंत्रात दोष शोधायलेते आणि दोष माझ्या बोटात होता. ती यादी मी निदान दहा वेळा वाचली असेल. प्रत्येक वेळी पिंगळीच वाचलं.

वरचा मजला मी भरलाय. धम्मानंदनं न्हाई. त्याचं सगळं बरोबर होतं.

एकतीस नावं दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. परत पालम बंद करून बघितली, ब्याण्णवच्या ब्याण्णव गेले. आता हे कुणाला न सांगताही चाललं असतं. सर विचारत होते काय होतं, मी म्हणू शकत होते की सेटिंगमध्ये काईतरी. पण मग पत्रांमुळं कंपनीवर आळ राहिला असता आणि धम्मानंदकडं सगळे संशयानं बघायलेच होते. मी सरांच्या आणि अनंतरावांच्या समोर सांगितलं की चूक माझी, गावाचं नाव मी दोन प्रकारे लिहिलं, आणि ती पालममध्ये पट्टी ठेवून सापडली. सर म्हणले, नावाचं परीक्षेनंतर बघू.

म्हणजे माझं नाव लागेल का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण मला त्याची लाज वाटत न्हाई, आप्पा. तुमचा मात्र गर्व वाटायलाय. २८ला अकराला माझ्यासाठी दिवा लावा.

त्रिवेणी


परभणी, २८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

तीर्थरूप आप्पा आणि आईला शरणार्थ.

आज अनंतरावांनी स्वतःच्या हातानं पालमची वायर काढली. मी म्हणलं होतं आधी सूचना देऊ, ते म्हणले, खऱ्या दिवशी कोण सूचना देणार हाय? अकरा वाजून चार मिनिटं झालती. खाली ओपीडी माणसांनी भरलेली. स्क्रीनवर पिंगळीचा आकडा चढायला लागला. ब्याण्णवचे एकशे दहा, एकशे चाळीस, एकशे ऐंशी. मग चार डब्यांसाठी तो थांबला. मग एकशे चौऱ्याऐंशी. एका मिनिटाच्या आत.

वीस मिनिटं सगळा दवाखाना एकट्या पिंगळीवर चालला. आईला सांगा, तिच्या माहेरानं इज्जत राखली.

मग रंगनाथ सरांनी कागद काढला. पुण्याच्या माणसाचं नाव आधीच टाइप करून आणलं होतं त्यांनी. त्यावर रेघ मारली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणले, पूर्ण नाव लिहा, जो माणूस आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगतो त्याचीच सही मला खाली पाहिजे. मी लिहिलं, त्रिवेणी मन्मथअप्पा बिडवे. इंग्रजीत. अक्षर न् अक्षर तीनदा तपासलं. तुमचं नाव मधे आपोआपच आलं, पण मला ते आपोआप वाटलं न्हाई.

तुमी इथं असायला पाहिजे होतात. गुडघ्याचं ठाऊक हाय म्हणून बोलावलं न्हाई.

तुमची
त्रिवेणी


पालम, ३० नोव्हेंबर २०२५

चिरंजीव त्रिवेणीला आप्पाचा आणि आईचा आशीर्वाद.

मी होतो.

आईला म्हणलो पेन्शनचं काम हाय आणि पहिली गाडी धरली. दहाला दवाखान्यात पोचलो. ओपीडीत एक बाक बघून बसलो. तुला सांगितलं असतं तर तुझं अर्धं लक्ष माझ्या गुडघ्याकडं राहिलं असतं, म्हणून गप बसलो.

मला ऐकू काई येत न्हाई, पण तीस वर्षं स्टँडवर काढलीत. गर्दीत थांबलेलं माणूस मला लांबून दिसतं. माणसं थांबायला लागली की समजायचं कुठंतरी गाडी अडकली. अकरा वाजल्यापासून मी नुस्ता माणसांच्या पायांकडं बघत होतो. खिडकीवर केसपेपर चाललेते. पोरं मोबाइलात होती. एक सिस्टर टॅब हातात धरून वॉर्डाकडं निघालती. घड्याळात अकरा वाजून पाच झाले आणि ती अर्धं पाऊल थबकली. टॅबवर एकदा बोट टेकवलं. आणि चालती झाली. तेवढंच. तिच्यामागं कुणी थांबलं न्हाई, खिडकीवरची रांग थांबली न्हाई, कुणी मान वर करून कुणाला काई विचारलं न्हाई. एवढा मोठा दवाखाना एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर गेला आणि कुणाला पत्ता न्हाई. माझ्या त्या डांबराच्या चार दिवसांत मला हे जमलं न्हाई, पोरी. तुला जमलं. मला लय अभिमान वाटला. मी चष्मा काढला आणि डोळे पुसत बसलो.

शेजारी ताडकळसचा एक माणूस बसलाता. त्याला वाटलं माझं कुणी आत सिरियस हाय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पार कानाशी येऊन विचारलं, बाबा, तुमचा पेशंट कोण? मी म्हणलो, माझं कुणी आजारी न्हाई, मी लेकीचं काम बघायला आलोय. त्यानं छताकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, सगळ्या ओपीडीवर नजर फिरवली आणि म्हणला, कुठं हाय काम? मला तर काईच दिसत न्हाई.

मी म्हणलो, तेच.

आप्पा